होडीवरची राखेची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. कडुनिंबाच्या फळ्यांची, गुडघाभर उंच. वर झाकण आणि झाकणाखाली बसायला गोल भोक. ओळखलंत का मी कोण ते? मी संडास आहे. हसलात तरी चालेल. मला पहिल्यांदा पाहणारं प्रत्येक माणूस हसतं, आणि थोड्या वेळाने तेच माणूस इकडेतिकडे पाहत हळूच विचारतं, "आत कुनी हाय का?"

आज मी नारायणगडाच्या अलीकडच्या एका वाडीत, सावित्रीबाईच्या गोठ्यात भिंतीला टेकून उभी आहे. इथे नदी नाही, तळं नाही. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा घागरींच्या आवाजावरून मला कळतं की पाणी आलं. पण मी घडले ती पाण्यावर राहण्यासाठी. माझी उमेदीची वर्षं एका होडीवर गेली. अजूनही वाऱ्याने गोठ्याचा पत्रा हलला की मला वाटतं, होडी हलली.

सिरसाळ्याच्या पलीकडे एक मोठं धरण आहे. ते झालं तेव्हा काठच्या मेंढपाळांची चराई पाण्याखाली गेली. मेंढ्या विकून माणसं जाळी विणायला शिकली आणि पुढे त्यांनी मच्छीमारांची सहकारी संस्था काढली. गावचे जमीनदार सुंदरराव तिचे चेअरमन झाले. काही वर्षांनी संस्थेने धरणाच्या मध्यावर जाळीचे पिंजरे टाकले आणि त्यांत माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली. पाणकावळे त्यांवर टपून असत, आणि चोरून जाळं टाकणारी माणसंही. म्हणून पिंजऱ्यांशेजारी एक रुंद होडी नांगरून ठेवली. दिवसाची राखण बायकांकडे आली. सकाळी दोघी जात, त्या संध्याकाळी परत येत.

त्यांतली एक होती दगडाबाई. तिचा नवरा धुळाजी वारला, त्याच्या जागी ती संस्थेची सभासद झाली होती. बोलायला कमी, वल्हं मारायला कुणाला हार न जाणारी. तिच्या जोडीला असायची छबुबाई, दिवसभर बोलणारी.

या दोघींची अडचण कुणाच्या ध्यानात आली नव्हती. पुरुषांची राखण असे तेव्हा ते होडीच्या कडेला उभे राहत आणि मोकळे होत. बायकांनी काय करायचं? काठ पाऊण तासावर. म्हणून दोघी आदल्या संध्याकाळपासूनच पाणी पिणं बंद करत. चहूकडे कोसभर पाणी, डोक्यावर चैत्राचं ऊन, आणि या दोघी कोरड्या ओठांनी बसलेल्या.

एके दिवशी दगडाबाईला होडीतच थंडी वाजून ताप भरला. पोटात कळा येऊ लागल्या. छबुबाईने एकटीने वल्हं मारून तिला काठाला आणलं आणि सिरसाळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईने तिला तपासून विचारलं, "दिवसाकाठी पाणी किती पिता?"

छबुबाईने सांगितलं, "पीतच न्हाई ती. प्याल्यावर जायचं कुठं?"

नर्सबाईने औषध दिलं आणि औषधाच्या चिठ्ठीमागे पेनाने एक चित्र काढून दिलं. एक पेटी. आत दोन कप्पे. पुढच्या कप्प्यातून नळीने लघवी कॅनमध्ये जाईल, मागच्या कप्प्यात एक डबा. प्रत्येक वेळी वरून मूठभर राख आणि लाकडाचा भुसा टाकायचा. पाणी लागत नाही, वास येत नाही. डबा भरला की काठावरच्या खड्ड्यात रिकामा करून माती लोटायची. वर्ष-दीड वर्षाने त्याचं सोनखत होतं.

ती चिठ्ठी घेऊन दगडाबाई सिरसाळ्याच्या सुग्रीव सुताराकडे गेली. माझा जन्म तिथला. तेव्हा मी अजून नुसत्या फळ्या होते.

"काय करायचंय मावशी?" सुग्रीवने विचारलं.

"पेटी."

"धान्याची?"

"न्हाई."

"कापडाची?"

"न्हाई बाबा. बसायची."

"मंग स्टूल म्हना की."

दगडाबाईने खाली पाहिलं. चिठ्ठी तिच्या मुठीत चुरगळली होती. "तुजी बायकू हाय का घरात?"

सुग्रीवची बायको चतुराबाई बाहेर आली. दोघी आत गेल्या. बराच वेळ कुजबूज चालली. एकदा हसण्याचा आवाज आला, मग काहीच आवाज आला नाही. चतुराबाई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सुतळी होती आणि सुतळीला दोन गाठी मारलेल्या.

"हितपत उंच अन् हितपत रुंद," ती नवऱ्याला म्हणाली. "जास्त इचारू नका. फळ्या तेवढ्या चांगल्या घाला."

सुग्रीवने चिठ्ठी सरळ करून पाहिली आणि त्याला सगळं समजलं. त्याने एक शब्दही विचारला नाही. भोकाच्या कडा मात्र त्याने दोन दिवस घासल्या. काम संपवताना त्याने स्वतःच्या तळहाताने ती कड चारचारदा चाचपून पाहिली. मित्रांनो, एवढ्या मायेने कुणी देव्हारा घडवतो.

मला करंजाचं तेल पाजून बैलगाडीत घातलं आणि धरणावर आणलं. संस्थेच्या पत्र्याच्या खोलीसमोर मला उतरवताच माणसं जमली. कुणीतरी खिदळलं. सुंदरराव खुर्चीवरून उठले.

"होडीवर संडास? दगडाबाई, मासे घेनारा व्यापारी काय म्हनंल?"

"व्यापाऱ्याला सांगा, आजवर समदं पान्यातच जात व्हतं," दगडाबाई म्हणाली. "बाप्ये कडंला हुभे ऱ्हातेत. तेच पानी बारा गावं पितेत."

खिदळणं थांबलं. बारा गावांत सुंदररावांचंही गाव होतं.

"एक म्हैना ठिवा," ती पुढे म्हणाली. "वास आला तर मीच फोडून चुलीत घालीन."

महिना गेला. वास आला नाही. महिन्याअखेर सुंदरराव स्वतः होडीवर आले, पिंजरे पाहण्याचं निमित्त करून दोनदा माझ्या जवळून गेले, नाक वर करून श्वास घेतला आणि परतले. माझा मुक्काम पक्का झाला.

होडीच्या मागल्या टोकाला तीन बाजूंनी बांबूच्या तट्ट्या आणि समोर गोणपाटाचा पडदा, एवढीच माझी खोली. पण त्या खोलीसारखं सुख मला पुन्हा कुठे मिळालं नाही. खालून पाण्याचे हलके धक्के बसत. तट्ट्यांच्या फटींतून ऊन माझ्या झाकणावर नाचे. बदामी रंगाची बदकं थंडीत येत आणि होडीला अगदी चिकटून पोहत. आणि दगडाबाई पाणी पिई. सकाळी होडी सुटली की पहिला तांब्या, पिंजरे मोजून झाले की दुसरा, भाकरीवर तिसरा. पहिल्या दिवशी तिने तिसरा तांब्या संपवला तेव्हा छबुबाई तिच्याकडे पाहतच राहिली.

"आता कावून बघायली?" दगडाबाई म्हणाली.

"काई न्हाई. तुला इतकं पानी पिताना कदी बघितलंच न्हवतं."

मग छबुबाईनेही तांब्या तोंडाला लावला. पुढे राखणीला येणाऱ्या सगळ्याच बायका लागल्या. पुरुषही लाजत लाजत माझ्याकडे येऊ लागले. दगडाबाईने त्यांना बजावून ठेवलं होतं की राखेची मूठ चुकवली तर दुसऱ्या दिवशी डबा त्यानेच उचलायचा. एकदा दोघांना उचलावा लागला; नंतर कुणी चुकलं नाही.

काठावर दगडाबाईने दोन खड्डे घेतले. एक भरला की मातीने बंद करून दीड वर्ष ठेवायचा, तोवर दुसरा वापरायचा. पहिला उघडला तेव्हा आत काळी, भुसभुशीत, पावसाच्या वासाची माती निघाली. ती तिने बांधावरच्या सीताफळांना घातली. दोन वर्षांनी त्या झाडांना अशी फळं लागली की डोळे उघडलेलं सीताफळ हातात मावेना. सुंदररावांनी एक फोडून खाल्लं, मग दुसरं घेतलं.

"लई गोड हाय. काय घातलंय झाडाला?"

"संस्थेचंच खत हाय," दगडाबाई शांतपणे म्हणाली.

छबुबाई पदर तोंडात कोंबून होडीच्या आड गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

असे दिवस होते. मला वाटे, ते तसेच राहतील.

मग एका वर्षी पाऊस झाला नाही. दुसऱ्याही वर्षी आभाळ भरून यायचं आणि तसंच निघून जायचं. धरण मागे मागे सरकू लागलं. आधी काठ दूर होता, तो जवळ आला. मग पाणीच आमच्यापासून दूर गेलं. संस्थेने पिंजऱ्यांतले मासे काढून घेतले. एके सकाळी होडीच्या तळाला चिखल लागला. त्या दिवशी होडी हलली नाही. मी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही हलली नाही. आठवड्याभरात चिखल वाळला, भेगाळला आणि होडी एका कुशीवर कलंडून बसली. त्याबरोबर मीही कलले.

दसरा झाला आणि गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला निघाली. दगडाबाईही पुतण्याच्या जोडीला जाणार होती. जाण्याआधी ती भेगांवरून चालत होडीपर्यंत आली. माझ्यातला डबा काढून तिने घासून उन्हात वाळवला, परत आत ठेवला, झाकण लावलं आणि त्यावर टेकली. समोर जिथे पिंजरे असत तिथे शेळ्या चरत होत्या. आम्ही दोघी बसून राहिलो.

ती गेल्यावर सहा महिने माझ्याजवळ कुणी आलं नाही. तट्ट्या वाऱ्याने उडाल्या. माझ्या फळ्या सुकून आवळल्या आणि त्यांच्यात फटी पडल्या. मला पाण्याची आठवण येई, पण त्याहून जास्त आठवण येई ती दगडाबाईच्या तांब्याची. ती तिकडे पाणी पीत असेल का, एवढंच माझ्या मनात येई. पश्चिमेला, कृष्णेकाठी, पाटांना पाणी वाहतं असं मी ऐकलं होतं. मग पीतच असेल, असं मी स्वतःला सांगे.

चैत्रात ती परतली. छबुबाई तिला भेटायला होडीजवळच आली, कारण दगडाबाई घरी सामान टाकून आधी इकडेच आली होती. तिचे गाल बसले होते. उभं राहताना ती पोटावर हात दाबत होती.

"अशी कावून झालीस गं?" छबुबाईने विचारलं. "तिकडं पानी न्हाई का?"

"पानी लई हाय," दगडाबाई म्हणाली. "प्यायची सोय न्हाई."

छबुबाई समजली. उसाच्या फडात पहाटेपासून अंधार पडेपर्यंत माणसं, बैलगाड्या, ट्रॅक्टर. कोप्यांच्या, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपड्यांच्या, वस्तीत आडोसा नाही. टोळीत अकरा बायका, आणि अकराही जणी तहान मारून कोयता चालवणाऱ्या. दगडाबाईच्या त्या जुन्या दुखण्याने पुन्हा डोकं वर काढलं होतं.

त्या वर्षीही मृग कोरडा गेला. दसऱ्याआधी संस्थेची सभा भरली. विषय होता होडी आणि जाळी कुठे ठेवायची हा. दगडाबाई सभेत कधी बोलत नसे. त्या दिवशी उभी राहिली.

"मला ती पेटी फडात न्यायचीय."

सुंदरराव म्हणाले, "होडीची वस्तू हाय ती. संस्थेची. उद्या पाऊस आला तर?"

"पाऊस आला तर मीबी येते अन् पेटीबी आनते."

"आन् तिकडंच मोडली तर?"

दगडाबाई उभीच राहिली. तेव्हा मागून छबुबाई उठली. मग आणखी एक बाई उठली, मग आणखी एक. होडीवर ज्या ज्या बायकांनी राखण केली होती त्या सगळ्या उभ्या राहिल्या. सुंदररावांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसला.

"न्या," ते म्हणाले. "जपून न्या."

मित्रांनो, अशी मी होडीवरून ट्रॉलीत चढले. भांडी, अंथरुणं, कोंबड्या आणि कोयत्यांच्या गठ्ठ्याबरोबर दोन दिवस प्रवास केला. टोळीचा मुकादम होता शहादेव. मला पाहून तो म्हणाला, "ही काय बला आनली?" पण उतरवताना एक बाजू त्यानेच धरली.

कोप्यांच्या मागे, चार उभ्या उसांना दोन जुनी लुगडी बांधून मला आडोसा केला. चुलींची राख भरपूर होती. भुशाऐवजी उसाचं बारीक पाचट. पहिले दोन दिवस दगडाबाईशिवाय कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी सावित्रीबाई आली. विशीची पोर, सातव्या महिन्याची गरोदर. भल्या पहाटे पोट सावरत अर्धा कोस चालत जाणं आता तिला होत नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा रडत होती. दगडाबाईने विचारलं, "काय झालं?"

"काई न्हाई," सावित्रीबाई म्हणाली. "कुनी ईल म्हून घाई न करता बसले. लई दिसांनी."

मग अकराही जणी येऊ लागल्या. दगडाबाई भर फडात, सगळ्यांदेखत, घागर घेऊन फिरे आणि एकेकीला पाणी पाजे. सावित्रीबाईला तर समोर उभी राहून पाजे. "पोटातल्यालाबी तहान लागती," म्हणे. तिथेच पौषात सावित्रीबाईला मुलगी झाली. आई आणि पोर दोघी धडधाकट.

मला तिथे मान मिळाला हे खरं. पण खोटं कशाला बोलू? वाऱ्याने ऊस सळसळला की मला लाटांचा आवाज आल्यासारखं वाटे, आणि मग कळे की खाली जमीन आहे.

चैत्रात आम्ही परतलो आणि त्या भाद्रपदात पाऊस आला. नऊ दिवस आला. धरणात पाणी चढत चढत कलंडलेल्या होडीपर्यंत पोचलं. तिची डागडुजी झाली, डांबर लागलं. मला पुन्हा मागल्या टोकाला बसवून दगडाबाईने नव्या तट्ट्या बांधल्या. एका सकाळी तळाखालून हलका धक्का आला. होडी हलली. माझ्या सुकलेल्या फळ्या ओलाव्याने फुगल्या, फटी मिटल्या. दगडाबाईने पहिला तांब्या तोंडाला लावला. मला आणखी काही नको होतं.

ते सुख अठरा दिवस टिकलं. एकोणिसाव्या दिवशी काठावर सावित्रीबाई येऊन उभी राहिली, कडेवर पोर घेऊन. वाडीहून तीन गाड्या बदलून आली होती. दगडाबाईने होडी काठाला घेतली.

"मावशी, दसऱ्याला टोळी निघायलीय. तुमी येनार का?"

"न्हाई गं. आता हितं काम हाय."

सावित्रीबाईने मान हलवली. पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. तिने माझ्याकडे पाहिलं, पण मागितलं काही नाही. मागणं तिच्या जिभेवर आलं नाही म्हणून पायांच्या बोटांनी ती वाळू उकरत राहिली.

दगडाबाई संस्थेच्या खोलीकडे गेली. सुंदरराव तिथे बसले होते.

"पेटी पोरीला द्यायची म्हनते," ती म्हणाली.

"आन् हितं?"

"सुग्रीव दुसरी करंल. माप हाय त्याच्याकडं."

"ती होईस्तवर?"

"तोवर आमी काठाला येत जाऊ. दोन खेपा जास्तीच्या पडतील."

सुंदररावांनी बाहेर उभ्या असलेल्या सावित्रीबाईकडे पाहिलं. "सुग्रीवला मीच सांगतो," ते म्हणाले. "संस्थेची जीप उमापूरकडं चाललीय. वाडीच्या फाट्यावर सोडंल पोरीला. बसवा तिला."

दगडाबाईने स्वतः मला होडीवरून उतरवलं. झाकणावर हात ठेवून ती क्षणभर थांबली. तिचा तळवा खरखरीत होता आणि ओला होता. जीप सुरू झाली. जीपच्या मागल्या फळीच्या फटीतून मला पाणी दिसत होतं. ते आधी पट्टी झालं, मग रेघ झालं, मग नाहीसं झालं.

त्याला आता सात वर्षं झाली. दर दसऱ्याला मी सावित्रीबाईच्या टोळीबरोबर जाते आणि चैत्रात या गोठ्यात परत येते. दोन टोळ्यांनी मला पाहून आपापल्या पेट्या करून घेतल्या. मला त्याचा अभिमान आहे. तरी सहा महिने गोठ्यात उभी असताना मी रस्त्याकडे कान लावते.

गेल्या वर्षी गडाची जत्रा होती तेव्हा दगडाबाई आली. केस पांढरे झालेले, चाल मंदावलेली. सावित्रीबाईशी बोलत ती गोठ्यात आली आणि माझ्यापुढे वाकली. मला वाटलं, न्यायला आली. तिने माझं झाकण उघडलं, कडांवरून बोटं फिरवली, खालची फळी नखाने टोकरून पाहिली.

"वाळवी लागायलीय गं हिला. इटा घाल खाली. पावसाआधी करंजाचं त्याल पाज."

"घालते," सावित्रीबाई म्हणाली. "तिकडं होडीवर कशी हाय नवी?"

"चांगली हाय. छबुबाई आता नव्या पोरींना घेऊन जाती. मला वल्हं होत न्हाई."

म्हणजे तीही आता पाण्यावर जात नव्हती. ते ऐकल्यावर माझ्या मनातलं परत जाण्याचं गाणं थांबलं. मी ज्या होडीसाठी झुरत होते, ती दगडाबाई असलेली होडी होती. आणि दगडाबाई तर इथे, गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून सावित्रीबाईच्या पोरीची वेणी घालत होती. दुपारच्या गाडीने ती गेली. तिने मला नेलं नाही, आणि मी तिला दोष देत नाही. तिची आठवण मात्र रोज येते.

मित्रांनो, लाकडाच्या पेटीचं मागणं ते किती असणार? माझ्यासारखी एखादी वस्तू तुमच्या दारी असेल तर तिला ओल्या जमिनीवर टाकू नका. राखेची मूठ चुकवू नका. आणि तुमच्या घरची बाई शेतातून, फडातून, होडीवरून कामाहून आली, की तिला एवढं विचारा, "आज पाणी प्यालीस का?" तिने नाही म्हटलं तर का, तेही विचारा.

दसरा पंधरा दिवसांवर आला आहे. सावित्रीबाईने माझ्याखाली चार विटा घातल्या आहेत आणि तेलाचा वास अजून फळ्यांत आहे. यंदा टोळीत तेरा बायका आहेत. ट्रॉलीत चढवताना माझं झाकण तेवढं दोरीने घट्ट बांधा. रस्ता फार खराब आहे, आणि मला तिथे धड पोचायचं आहे.